चौकटीतली बातमी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक रेषांची एक चौकट असते आणि तिच्यात पाच-सात ओळींची एक बातमी असते. कोठे बकरीने मालकाच्या नोटा खाल्लेल्या असतात, कोठे चोर चोरीसाठी शिरलेल्या घरातच झोपी गेलेला असतो, कोठे नवरदेव स्वतःच्याच लग्नाची तारीख विसरलेला असतो. मथळेही ठरलेले असतात : 'ऐकावे ते नवलच', 'जगावेगळे', 'असेही घडते'. अग्रलेखांचे संग्रह निघतात, सदरांची पुस्तके होतात, मृत्युलेखांनाही वाङ्मयात मानाची जागा मिळते. ही चौकट मात्र वाचून झाली की तिचा कागद रद्दीत जातो. आमच्या मते हा त्या लेखनप्रकारावर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय मात्र हा लेखनप्रकार स्वतःच करीत असतो, आणि तो बातमीतल्या माणसावर. एका विशिष्ट बातमीच्या आधारे या दोहोंविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

आधी एक कबुली. आम्हांला ही चौकट मनापासून आवडते. रविवारची मिस्सा आटोपून घरी आल्यावर आमचे वडील पेपर उघडीत ते थेट निधनवार्तांच्या पानावर. ओळखीचे कोणी गेले नाही ना, याची खात्री झाली की मग चौकट मोठ्याने वाचली जाई. स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न येई, 'मग पुढे काय झाले?' वडील म्हणत, 'पुढे काही दिलेले नाही.' राजकारणाची पाने त्यानंतर. आईचा तो प्रश्न आम्हांला तेव्हा भाबडा वाटे. पुढे साहित्याची चार पुस्तके वाचल्यावर लक्षात आले की या लेखनप्रकारावर घेता येण्यासारखा सर्वांत नेमका आक्षेप तोच आहे.

आता कागदाची चौकट मोडली आणि ती बातमी मोबाइलच्या पडद्यावर, चित्रासह, दिवसातून दहा वेळा येऊ लागली. धर्मग्रामाच्या गटावर सकाळच्या प्रार्थनेच्या खाली ती असते, नातेवाइकांच्या गटावर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मध्ये असते. वेग वाढला, संख्या वाढली. घाट मात्र जुनाच राहिला.

हा घाट फ्रेंचांनी चांगला ओळखला होता. अशा किरकोळ, संकीर्ण घडामोडींसाठी त्यांच्या भाषेत 'फे दिव्हेर' असा शब्दच आहे. १९०६ साली पॅरिसच्या 'ल मातँ' या दैनिकात फेलिक्स फेनेआँ नावाचे एक कलासमीक्षक काही महिने अशा बातम्या लिहीत असत. सदराचे नाव होते 'तीन ओळींतल्या बातम्या'. फ्रेंचमध्ये बातमी आणि लघुकथा या दोहोंसाठी एकच शब्द चालतो, म्हणून त्याच नावाचा अर्थ 'तीन ओळींतल्या कथा' असाही होतो. बातम्यांखाली लेखकाचे नाव नसे. फेनेआँ यांनी त्या कधी एकत्र छापल्या नाहीत. जवळच्या व्यक्तीने कात्रणे चिकटवून ठेवली होती, म्हणून १९४४ साली त्यांचे निधन झाल्यावर त्या पुस्तकरूपाने वाचकांसमोर येऊ शकल्या. अपघात, भांडणे, फसलेल्या चोऱ्या, आत्महत्या असा सगळा ऐवज, आणि तो तीन ओळींत बसवण्याचे कसब असे की हसू आणि शहारा एकदमच यावा. शैलीच्या दृष्टीने या लेखनाला आम्ही फार वरचे स्थान देऊ. पण वाचून झाल्यावर एक थंडपणा उरतो. माणूस तीन ओळींत येतो, मरतो किंवा फसतो, आणि पूर्णविराम पडतो. वाक्य सुंदर असते. माणूस त्या वाक्याचा कर्ता एवढाच उरतो, व्याकरणातला.

१९६० नंतरच्या दशकात रोलाँ बार्थ यांनी याच प्रकारावर एक निबंध लिहिला. राजकीय बातमी समजायची तर आधीचे-नंतरचे ठाऊक असावे लागते. ही बातमी मात्र स्वतःत पूर्ण असते, तिच्याबाहेरचे काहीही वाचकाला माहीत असण्याची गरज नसते, असे त्यांचे निरीक्षण आहे. निरीक्षण अचूक आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की ही पूर्णता आपोआप येत नाही. ती कात्रीने आणावी लागते. काय कापले गेले, हे पाहिल्याखेरीज या बातमीची समीक्षा होऊ शकत नाही.

आता ती विशिष्ट बातमी. ऑगस्ट २०१२ मध्ये ती जगभर छापून आली आणि आमच्या बहुतेक वाचकांनी तिचे चित्र पाहिलेले असेल. स्पेनमधील साराहोसा प्रांतात बोर्खा नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. (नाव अपरिचित वाटेल, पण बोर्जिया घराणे आपले मूळ याच गावाशी जोडते, येशूसंघाचे तिसरे महाधिपती संत फ्रान्सिस बोर्जिया त्याच घराण्यातले.) गावाबाहेर दयामातेचे एक जुने मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर काटेरी मुकुट घातलेल्या प्रभू येशूचे एक लहानसे चित्र होते. ऐंशी वर्षांवरील एका स्थानिक बाईंनी ते दुरुस्त करावयास घेतले आणि त्यातून जो चेहरा निघाला तो पाहून जग हसले. कोणाला त्यात माकड दिसले, कोणाला बटाटा. बीबीसीच्या बातमीदाराने केसाळ माकडाची उपमा दिली. लॅटिनमधील 'एक्से होमो' या नावावर कोटी करून स्पॅनिश थट्टेखोरांनी 'एक्से मोनो' केले. मोनो म्हणजे माकड. त्या बाईंचे नावही जगभर छापले गेले. आम्ही ते येथे मुद्दाम देत नाही, पुष्कळ झाले.

ही बातमी आम्ही एखाद्या कथेसारखी पुन्हा वाचून पाहिली, आणि तिची रचना पाहून चकित झालो. पहिली गोष्ट अशी की, हसू यावयाचे तर नुकसान मोठे असावे लागते. म्हणून अनेक बातम्यांत ते चित्र 'एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्र' झाले, काही ठिकाणी तर 'अनमोल ठेवा' झाले. वस्तुस्थिती अशी की एलियास गार्सिया मार्तिनेस (१८५८-१९३४) हे साराहोसाच्या कलाशाळेतील प्राध्यापक सुट्टीसाठी बोर्खाला येत; त्यांनी १९३० च्या सुमारास ते भिंतीवर काढले आणि गावाला दिले. दयामातेवरील भक्तीपोटी आपण हे दोन तासांत काढले, असे त्यांनी स्वतःच म्हणून ठेवले आहे. ओल्या गिलाव्यावर काढतात ते खरे भित्तिचित्रही ते नव्हते. कोरड्या भिंतीवर तैलरंगांनी काढलेले होते. भिंतीला ओल येत गेली आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. अशा चित्रांच्या नशिबी बहुधा हेच असते. २०१२ पर्यंत मूळ चेहऱ्याचा बराच भाग गेलेलाच होता. म्हणजे बातमीतल्या तीन छायाचित्रांपैकी, 'आधी', 'मध्ये' आणि 'नंतर' यांपैकी, मधले छायाचित्र हेच खरे महत्त्वाचे. आणि हसताना नेमके त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. ऐंशी वर्षे तेथे ये-जा करणाऱ्या गावाने एक चेहरा झडत जाताना पाहिला आणि कोणीही काही केले नाही, ही त्या मधल्या छायाचित्राची बातमी आहे. ती चौकटीत बसत नाही.

चित्र मोठे केल्यावर बाई लहान करणे ओघानेच आले. 'म्हातारी', 'अनधिकृत', 'परवानगीविना' ही विशेषणे पहिल्या दिवसापासून चिकटली. ही तोडफोड असावी असा प्रथम संशय घेतला गेला. कायदेशीर कारवाईची भाषाही झाली. स्पॅनिश दूरचित्रवाणीशी बोलताना बाई जे म्हणाल्या ते यापेक्षा अगदी साधे होते. आपण हे दिवसाढवळ्या करीत होतो; येणारे-जाणारे पाहत होते; धर्मगुरूंना ठाऊक होते; काम पुरे झालेले नव्हते. रंग वाळावा म्हणून ठेवून आपण काही दिवस बाहेरगावी गेलो, परत येऊन पुरे करणार होतो, तोवर हे सारे झाले. त्या स्वतः हौशी चित्रकार होत्या, निसर्गचित्रे काढीत. याच चित्राच्या वस्त्राला त्यांनी पूर्वीही हात लावला होता, आणि तेव्हा कोणी काही बोलले नव्हते.

अर्धवट चित्राला पूर्ण ठरवून त्यावर हसणे हा समीक्षेच्या दृष्टीने केवढा मोठा प्रमाद आहे! एखाद्या लेखकाचा पहिला कच्चा खर्डा टेबलावरून उचलून छापावा आणि वर त्याच्या शुद्धलेखनावर लेख लिहावा, तसे हे झाले. चित्र पुरे झाले असते तर चांगले झाले असते, असे आमचे म्हणणे नाही. ते चांगले झाले नसते. चेहऱ्याची बांधणीच हातातून निसटली होती, हे चित्रकलेतले ओ की ठो न कळणाऱ्या आम्हांलाही दिसते. जुन्या कलाकृतीला अशिक्षित हात लागणे ही गंभीर गोष्ट आहे, याविषयीही दुमत नाही. २०१८ मध्ये स्पेनच्याच एस्तेया गावात संत जॉर्जच्या सोळाव्या शतकातील लाकडी मूर्तीला असाच भडक रंग दिला गेला. तेथे नुकसान खरोखरच मोठे होते. ते निस्तरायला तज्ज्ञांना पुढे महिनोन्‌महिने खपावे लागले. जगाने त्या मूर्तीलाही बोर्खाच्याच रांगेत उभे केले आणि त्याच मापाने हसून घेतले. दोन तासांच्या भक्तीचे चित्र आणि चारशे-पाचशे वर्षांची मूर्ती यांतला फरक या लेखनप्रकाराला करताच येत नाही. त्याला फक्त 'नंतर'चे छायाचित्र लागते.

येथे आम्हांला एका गोष्टीचा उल्लेख करावाच लागतो, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही, चित्राच्या नावातच आहे. 'एक्से होमो', म्हणजे 'पाहा, हा माणूस'. संत योहानाच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायातला तो प्रसंग. शिपायांनी ज्याची थट्टा केली, काटे गुंफून ज्याला मुकुट चढवला, जांभळे वस्त्र पांघरून ज्याला मुजरे केले, त्याला पिलात बाहेर आणून गर्दीपुढे उभा करतो. म्हणजे या चित्राचा विषयच मुळी गर्दीपुढे हास्यास्पद केलेला माणूस हा आहे. इतक्या बातम्या लिहिल्या गेल्या, लॅटिन नावावर कोट्या झाल्या, पण त्या नावाचा अर्थ सांगण्यापलीकडे फार थोडे लोक गेले. आम्हीही गेलो नव्हतो. मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी ते चित्र मोबाइलवर दाखवले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, आणि शेजाऱ्याला म्हणालो, 'जरा मलाही पाठव.'

आणि हसताना आम्हांला आमच्याच गावची मावशी आठवली. आमच्या पाड्याच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याशी कोनाड्यात पवित्र मरियेची सिमेंटची लहान मूर्ती आहे. मे महिन्यातल्या प्रार्थनांपूर्वी क्रुसाला आणि मूर्तीला रंग देण्याचे काम ही मावशी गेली कित्येक वर्षे करते. कोणी सांगितलेले नाही, कोणी नेमलेले नाही. निळा, पांढरा आणि रुपेरी असे तीन डबे ती स्वतःच्या भाजीच्या पैशांतून आणते. एके वर्षी मरियामातेचे डोळे एकमेकांकडे वळले. सबंध मे महिना मुले तिला हसत होती, आम्हीही त्यांतलेच. पुढल्या वर्षी तिने डोळ्यांना हात लावला नाही. बाजूच्या गावच्या मूर्तिकाराकडून ते काढून घेतले आणि त्याचेही पैसे दिले. आमच्या गावाचे सुदैव एवढेच की त्या वर्षी कोणाजवळ मोबाइल नव्हता.

हसणारे आपण आणि हसू होणारे दुसरे, असे नेहमीच नसते. मुंबईकर वाचकांना ऑगस्ट २००६ मधील माहीमचा प्रसंग आठवत असेल. समुद्राचे पाणी गोड झाले, अशी हूल उठली आणि हजारो माणसे खाडीकडे धावली. बाटल्या भरल्या गेल्या, लहान मुलांना पाणी पाजले गेले. कोणाला त्यात माहीमच्या बाबांची कृपा दिसली. पाणी पिऊ नका म्हणून अधिकारी ओरडत राहिले. पावसाळ्यात नदीनाल्यांचे गोडे पाणी खाडीत उतरते आणि हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर काही काळ तरंगते, असा खुलासा शास्त्रज्ञांनी केला. जगभरच्या चौकटींत आपण झळकलो : भाबड्या हिंदी लोकांनी गटाराचे पाणी पवित्र मानून प्यायले. खाडीला मिळणाऱ्या त्या नदीचे नावच 'मिठी' आहे, हा विनोद मात्र परक्या बातमीदारांच्या हाती लागला नाही. बिचाऱ्यांना मराठी येत नव्हते.

या बातमीतून कात्रीने काय काढले होते? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि याच मिठी नदीने काठच्या वस्त्यांत शिरून हाहाकार माजवला. शहराने शेकडो माणसे गमावली. पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले, सुमारे दोनशे माणसे मारली गेली, आणि स्फोटांच्या ठिकाणांत माहीम स्थानकही होते. त्यानंतर जेमतेम सहा आठवडे लोटतात आणि त्याच माहीमला, त्याच मिठीच्या मुखाशी, पाणी गोड झाले म्हणून माणसे धावतात. आम्ही कार्यकारणाचा धागा जोडीत नाही. मानसशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पाणी घाण होते आणि ते पिणे हा वेडेपणा होता, यातही शंका नाही. पण एखाद्या कादंबरीकाराने ही तीन दृश्ये याच क्रमाने लिहिली असती तर तिसऱ्या दृश्याला कोणी हसले असते काय?

आपल्या साहित्यात अशा प्रसंगाची दुसरी वागणूक आहे, आणि ती आपल्याच एका लेखिकेने दाखवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आरंभी त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात चालत नसे. धुण्यात शहाणपण आहे की नाही याचाही विचार नसे, आणि त्यापायी सारे घर पिळून निघे. चौकटीतली बातमी करायची तर याहून चांगला मजकूर मिळणार नाही. तीन ओळी आणि एक मथळा. लक्ष्मीबाईही हसवतात, पुष्कळ हसवतात. पण त्यांनी या सोवळ्याच्या आधी एक फाशी ठेवली आहे : १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, म्हणजे वडिलांच्या सासऱ्यांना, झालेली फाशी, आणि त्या प्रसंगाने जावयाच्या मनात कायमचे जे काही मोडले ते. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याला त्या माणसाची भीती वाटते, दयाही येते. घरातल्या बायकांचे हाल पाहून रागही येतो. लक्ष्मीबाई वडिलांना माफ करीत नाहीत. त्या फक्त आधीचे आणि नंतरचे कापून टाकीत नाहीत. आमच्या आईचा जो प्रश्न होता, 'मग पुढे काय झाले?', त्याचे आणि 'याआधी काय झाले होते?' याचेही उत्तर त्या देत राहतात, आणि तरी विनोदाला कोठे धक्का लागत नाही. विनोद तीन ओळींतच टिकतो, हा समज 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाने तरी बाळगू नये.

उलट बाजूने पाहिले तर चौकटीतल्या बातमीचा आदर्श नमुना कोणता? आमच्या मते मार्च २०२३ मध्ये जगभर फिरलेले पोप फ्रान्सिस यांचे ते चित्र : फुगीर, पांढराशुभ्र, महागड्या घाटणीचा थंडीचा कोट घातलेले पोप महाशय. आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत त्यावर वाद झाले. गरिबांविषयी बोलणारे पोप असा कोट घालतात काय, असे एका वृद्ध शिक्षकांनी फार दुःखाने विचारले. ते चित्र संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने तयार केलेले होते. असा कोट नव्हता आणि तो घातलेला क्षणही नव्हता. म्हणजे त्या चित्राला आधी नाही आणि नंतर नाही. या लेखनप्रकाराला जे हवे असते ते सारे त्यात आहे आणि जे नको असते, म्हणजे माणूस, तो त्यात मुळीच नाही. खऱ्या बातमीतून कात्रीने जे साधावे लागते ते येथे जन्मतःच साधलेले. खोट्या नवलकथा इतक्या सहज खपतात, यात आम्हांला म्हणूनच फारसे आश्चर्य वाटत नाही. खऱ्या नवलकथा वाचण्याची सवय आपण कशी लावून घेतली आहे, हे पाहिले की पुरे.

बोर्खाकडे परत जाऊ, कारण तेथे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले आहे, आणि ते चौकटीबाहेर बरेच पसरलेले आहे. त्या थट्टेने बाई खचल्या. काही दिवस त्यांना बाहेर पडणेही नको झाले. दरम्यान, हे चित्र आहे तसेच ठेवा, असे निवेदन निघाले आणि त्यावर हजारोंनी सह्या केल्या. यांत थट्टेखोर किती आणि कनवाळू किती, हे सांगणे कठीण. बहुधा प्रत्येक सहीत दोन्ही थोडेथोडे असावे. मग लोक येऊ लागले. पहिल्या वर्षातच सुमारे ४०,000 माणसे ते चित्र पाहून गेली. मंदिरात प्रवेशशुल्क लावण्यात आले, आणि त्यातून ५०,000 युरोंहून अधिक रक्कम धर्मादाय कार्यासाठी उभी राहिली. वृद्धाश्रमाच्या खर्चाला तिचा हातभार लागला, काही माणसांना काम मिळाले. चित्राची छबी कपबश्यांवर आणि सदऱ्यांवर विकली जाऊ लागली तेव्हा बाईंनी आपला वाटा मागितला, आणि ही तेवढी बातमी पुन्हा जगभर गेली : म्हातारी आता पैसेही मागते! हा पैसा स्नायूंच्या आजाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांसाठी त्यांना हवा होता आणि त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच आजाराचा रुग्ण होता, हे त्यांच्या वकिलांनी सांगितले होते. ते वाक्य पुष्कळ ठिकाणी कात्रीखाली गेले.

२०१६ मध्ये बोर्खात त्या चित्राविषयी माहिती देणारे एक छोटे केंद्र उघडले. त्याच वर्षी या सबंध प्रकरणावर रचलेली एक इंग्रजी संगीतिका गावातच, त्या बाईंच्या उपस्थितीत सादर झाली. संगीतिकेचे गुणदोष ठरवण्याइतकी आमची तयारी नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी वाटते : जी गोष्ट तीन छायाचित्रांत संपली असे जगाने मानले, तीच रंगमंचावर सांगू लागताच लेखकाला तिच्यात अंकच्या अंक भरतील एवढी माणसे सापडली. मजकूर तोच होता.

आणि एक बारीकशी गोष्ट. २०१२ संपण्यापूर्वीच त्या बाईंनी आपले एक निसर्गचित्र लिलावात विक्रीला ठेवले. त्याला हजार युरोंहून थोडी अधिक किंमत आली आणि ती रक्कम त्यांनी कारितासला दिली. ही बातमीही काही ठिकाणी छापून आली. चार ओळींत.

गेल्या महिन्यात ते जुने चित्र आमच्या पाड्याच्या गटावर पुन्हा आले. तारीख नव्हती, गावाचे नाव नव्हते. खाली लिहिले होते, 'आजची ताजी गंमत'. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आम्ही या लेखासाठी जमवलेली माहिती थोडक्यात लिहून पाठवली. ती लांब असल्यामुळे असेल, कोणी काही बोलले नाही. रात्री उशिरा एक उत्तर आले, रंगाचे तीन डबे आणणाऱ्या आमच्या मावशीचे, नातवाकडून टंकून घेतलेले : 'त्या बाईला रंगाचे पैसे चर्चने दिले होते, की तिनेच घातले?'